वाणाचं दंतमंजन

१२ जानेवारी १९५७, शनिवार. यावल

ही डायरी लीलाधरनं दिली. औषधाच्या कंपनीची आहे. दर पानावर एक दात छापलाय, आणि तो दात हसतो. दाताला तोंड कसं काय, पण असो. लीलाधर म्हणे, मोठी माय, तू तिसरी पास आहेस, रोज लिहीत जा, हात सुटेल. तेव्हा आजपासून रोज एक पान लिहायचं. गोडही कमी करायचं. पहाटे उठून मळ्यापर्यंत चालायचं. एकदम तीन निश्चय झाले, चांगलं वाटलं.

(डावीकडची खालची दाढ किंचित ठणकते. थंडीमुळे.)

लीलाधर म्हणजे माझ्या थोरल्याचा थोरला. मुंबईला शिकून दातांचा डॉक्टर झाला आणि जळगावात स्टेशनाजवळ त्यानं खुर्ची टाकली. काय ती खुर्ची! पायानं दाबलं की वर जाते, मागे रेलते. मी बसून आले. पुन्हा पुन्हा वर न्यायला लावली. तो म्हणे, आता तोंड उघड. मी म्हटलं, एसटी सुटेल.

तर आता तो रिसर्च करतोय. त्यानं एक दंतमंजन केलंय, त्यानं म्हणे दात किडत नाहीत. ते खरं की नाही हे बघायला गावातल्या बाया पाहिजेत. डबे आणलेत, अर्ध्यांची झाकणं लाल, अर्ध्यांची पांढरी. निम्म्या बायांना लाल, निम्म्यांना पांढरा. कुणाला कुठला ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. कशात काय आहे ते कुणालाही कळता कामा नये, असं त्यानं मला बजावलं. मग चहा पिता पिता स्वतःच सांगून बसला, लालमध्ये औषध आहे, पांढऱ्यात नुसती खडूची भुकटी. आनंदात असला की त्याच्या पोटात काही राहत नाही. माझ्यावर गेलाय.

मी म्हटलं, बायांचे दात म्हणजे काय पाट्या आहेत, खडू घासायला? तो हसला. म्हणे, दोन्हींमधला फरक बघायचा असतो. फरक दिसला की त्याचा पेपर होतो, पेपर जर्नलात छापतात, आणि पेपर छापला की मुंबईच्या कॉलेजात त्याला शिकवायला घेतील. त्याच्या मानकर साहेबांनी तसा शब्दच दिलाय.

म्हणजे लीलाधरची मुंबई आता माझ्या हातात आहे.

डबे वाटायची युक्ती मीच काढली. परवा संक्रांत. गल्लीतल्या सगळ्या सवाशिणी माझ्याकडे हळदीकुंकवाला येणारच. डबा वाण म्हणून द्यायचा! लीलाधरनं टाळीच वाजवली. एवढं शिकला, पण हे त्याला सुचलं नव्हतं.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

सकाळी चालायला गेले नाही. सणाचं कुणी चालतं का?

संध्याकाळी बाया आल्या. पहिली समोरची कुंदाबाई. तिला कुंकू लावलं, तीळगूळ दिला, चिठ्ठी काढायला लावली. निघाला पांढरा. मी डबा पुढे केला, तर तिनं विस्तव बघावा तसा हात मागे घेतला. म्हणे, अक्का, हळदीकुंकवाले बलावतं अन् पांढरं देतं व? माह्या धन्यानं काय वाईट केलं तुमचं?

बरोबरच होतं तिचं. कपाळावर कुंकू आणि हातात पांढरं, कोण घेईल? हे माझ्या कसं लक्षात आलं नाही! लीलाधरच्या येणं शक्यच नव्हतं, कॉलेजात हळदीकुंकू शिकवत नाहीत.

तेवढ्यात मंदाबाईला लाल निघाला. ती तो डबा पोटाशी धरून अशी बसली जसा काही दागिनाच मिळाला. मग काय, जिला तिला लाल पाहिजे. भिकुबाई म्हणे, गरिबाच्या घरची आहो म्हणून मले पांढरा काय? कुंदाबाई उठून चपला शोधायला लागली. सणाच्या दिवशी सवाशीण रिकाम्या ओटीनं दारातून परत गेली असती तर मी वर्षभर कुणाला तोंड दाखवलं नसतं.

अशा वेळी माझं डोकं फार चालतं. सगळ्यांना म्हटलं, बसा, उखाणे होऊन जाऊ द्या. उखाण्यांना बसवलं आणि स्वयंपाकघरात गेले. भाकरीची मोठी परात घेतली. लाल डबे ओतले, पांढरे ओतले, दोन्ही हातांनी पीठ कालवावं तसं कालवलं. थोडं सपक वाटलं म्हणून मीठ आणि कुटलेली लवंग घातली. पुन्हा सगळे डबे भरले. पांढऱ्या झाकणांना तेलात कालवलेलं कुंकू फासलं. बाहेर आले तेव्हा कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. पंगतीत एकीला तूप वाढायचं आणि शेजारणीला नाही, असलं पाप माझ्या घरात कधी झालेलं नाही, आजही झालं नाही.

चिठ्ठ्या चहाच्या चुलीत गेल्या.

बाया खूश होऊन गेल्या. विचार केला तर लीलाधरचा फायदाच झाला. औषध निम्म्या बायांना मिळणार होतं, ते आता सगळ्यांना मिळालं. त्याला सांगितलं तर मला उचलून घेईल. पण लगेच नको सांगायला, तो कामात असतो.

एक तीळगुळाचा लाडू चुकून डावीकडे गेला. डोळ्यात पाणी आलं. उद्यापासून गोड बंद.

२० जानेवारी, रविवार

मध्ये पानं राहिली. पाहुणे होते.

लीलाधर आला. कागद काढून बसला. कुणाला लाल, कुणाला पांढरा, नावं सांग म्हणे. त्यानं विचारलं, चिठ्ठ्या टाकल्या होत्या ना? मी म्हटलं, टाकल्या होत्या. टाकल्याच होत्या.

मग नावं सांगितली. आता सांगायचीच होती तर नीट विचार करून सांगितली. ज्यांचे दात चांगले त्या लालमध्ये. मंदाबाई पहिली. तिचे दात म्हणजे कोवळ्या मक्याचं कणीस. ज्यांची दैना त्या पांढऱ्यात. कुंदाबाई, तिनं मशेरी घासून घासून पुढच्या दोन दातांत दार केलंय. भिकुबाई, तिच्या एका बाजूला तर सगळं मोकळं रान. मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा आपण तिला फाटकं लुगडं नेसवतो का? चांगलंच नेसवतो. त्यात कुणी फसवणूक म्हणत नाही.

लीलाधर म्हणे, खरं म्हणजे सुरुवातीला प्रत्येकीचं तोंड मीच बघायला पाहिजे. पण जळगावला एक पेशंट गाल धरून बसला होता आणि एसटीची वेळ झाली होती. त्यानं विचारलं, साधारण सगळ्यांचे दात सारखेच ना? मी म्हटलं, या गल्लीत कुणाच्या तोंडात काय आहे ते माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? लिही, सारखेच.

आणि त्यानं लिहिलं! मी तिसरी पास. मी सांगते आणि डॉक्टर लिहितो! माझे वडील आज असते तर मला चौथीत बसू दिलं नाही याची त्यांना लाज वाटली असती.

माझंही नाव त्यानं लालमध्ये घातलं. म्हणे, दाखव बघू तुझे. मी म्हटलं, मी घरची, माझे कधीही बघता येतील. आधी बाहेरच्यांचे बघ.

५ मार्च

डायरी राहिली. कापसाचे दिवस. उद्यापासून रोज.

गालाला सूज. सातपुड्याकडून वारा येतोय. लवंग धरली. लीलाधरला सांगणार होते, पण लाल ग्रुपच्या बाईची दाढ दुखून कसं चालेल? त्याचा हिशेब बिघडायचा. त्याच्यासाठी एवढं सोसलं तर काय झालं.

१४ जुलै, रविवार

आज तपासणी. ओट्यावर बायांची रांग. लीलाधरच्या हातात काडीला लावलेला इवलासा आरसा. भिकुबाई तो तोंडात जाऊच देईना. म्हणे, आरशात माणसाचा जीव अडकते. शेवटी माझा आरसा आणून तिच्या हातात दिला, तू यात बघत बस म्हटलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

एक एक तोंड बघून होईल तसा लीलाधरचा चेहरा उजळत गेला. लालमध्ये सगळं सुरेख. पांढऱ्यात भोकंच भोकं. मध्ये एकदा तो थांबला. म्हणे, एवढा फरक? सहा महिन्यांत? मी म्हटलं, औषध तुझंच आणि नवल पण तुलाच!

आमचे हे खाटेवर वर्तमानपत्र वाचत होते. या माणसाला नको तिथे ऐकू येतं. म्हणे, कुंदीचे दात तर ती लगन होऊन आली तवापासून तसेच हायेत. मी म्हटलं, दुसऱ्याच्या बायकोच्या तोंडाकडे तेव्हापासून बघताय का तुम्ही? पेपर वर गेला तो जेवणापर्यंत खाली आला नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी चहा करायला उठले. लीलाधरनं माझ्या नावापुढे 'उत्तम' लिहिलं. प्रेम असलं की बघावं लागत नाही.

१० डिसेंबर

छापला! जर्नल आलं! सगळं इंग्रजीत. मी प्रत्येक पानावरून हात फिरवला. वर मानकर साहेबांचं नाव आणि खाली लीलाधरचं. मी विचारलं, साहेबांनी काय केलं? तो म्हणे, असंच असतं. म्हणजे रांधलं आम्ही, आणि पहिल्या पाटावर ते. असो, मोठ्या माणसाला मान द्यावा.

आत एक कोष्टक आहे, आकड्यांचं. ते लीलाधरनं बोटानं दाखवलं. म्हणे, मोठी माय, हा सगळा खेळ इथे आहे. मी बघितलं तर मला त्यात मंदाबाई आणि कुंदाबाई साफ दिसल्या.

पुस्तक देवाजवळ ठेवलं. मग पुन्हा काढलं आणि गल्लीत सगळ्यांना दाखवून आले. कुंदाबाई म्हणे, माह्याविषयी काय लिहिलं? मी म्हटलं, पांढऱ्या ग्रुपात तुझं मोठं काम आहे. ती लाजली.

जळगावहून फोटोवाला आला होता. आजीबाई, हसा म्हणे. मी पदर तोंडावर धरला. तो म्हणे, काय हा जुन्या बायांचा विनय! सूज आज जरा जास्तच होती.

२६ जानेवारी १९५८

जळगावला लीलाधरचा सत्कार झाला. हार, नारळ, शाल. एकानं भाषणात म्हटलं, केळी आणि कापसानंतर पूर्व खानदेशानं देशाला काय दिलं, तर दंतमंजन! मी पहिल्या रांगेत होते. माझं नाव घेतलं नाही, पण बोलणारा माझ्याकडेच बघत होता.

जूनमध्ये मुंबईच्या नोकरीची ऑर्डर. मी सोबत जाणार. त्याचं जेवणखाण कोण बघेल? येताना लोखंडी पेटी घेतली, हिरवी, वर गुलाब, कुलूपकिल्लीसकट. गल्लीत सांगून टाकलं. मंदाबाई म्हणे, अक्का, तिकडे खारं वारं असते, तुमाले मानवणार नही. जळते.

चालायची सवय आता मुंबईतच लावीन. तिथे सपाट आहे म्हणतात.

३ मार्च

धुळ्याच्या एका डॉक्टरचं पत्र आलंय लीलाधरला. त्यानं निकाल कानावर येताच गेल्या ऑगस्टातच लीलाधरकडून मंजन मागवलं होतं. पिंपळनेरच्या बायांना दिलं, सगळं चिठ्ठ्या टाकून, आधी प्रत्येकीचं तोंड बघून. फरक म्हणे काडीचा नाही. तुमच्या पेपरात एवढा कसा दिसला, कळवावे.

लीलाधर रविवारी आला होता. ताटात भरीत, आणि हा भाकरीचा तुकडा हातात धरून नुसता बघतोय. मी म्हटलं, पिंपळनेरचं पाणी वेगळं. ती माणसं 'आहे'ला शे, शे म्हणतात, तोंडात सारखी हवा जाते, मंजन टिकेल कसं? तो हसला नाही. म्हणे, मोठी माय, चिठ्ठ्या नीट टाकल्या होत्यास ना? मी म्हटलं, टाकल्या होत्या रे बाबा, किती वेळा सांगू.

धुळ्याच्या त्या डॉक्टरच्या पोटात दुखतंय, दुसरं काय. त्याला माझ्या हातचं, लवंग घातलेलं पाठवायला पाहिजे होतं.

२६ एप्रिल, शनिवार

मानकर साहेब स्वतः येतायत, उद्या! जळगावला परीक्षेच्या कामाला आलेत, लीलाधर त्यांना यावलला आणतोय. धुळ्याच्या पत्राचा सोक्षमोक्ष लावायचा आहे म्हणे. माझ्यासमोरच लावा म्हटलं.

आखाजीच्या सणाला आलेल्या लेकी अजून माहेरी आहेत, हाताला माणसं भरपूर. खापरावरचे मांडे, आंब्याचा रस, भरीत. खापर मंदाबाईकडून आणलं. जळते, पण खापर देते.

निश्चय: उद्या कमी बोलायचं.

२७ एप्रिल, रविवार, दुपारी चार

झालं, गेले. आधी लिहून काढते, मग भांडी.

साहेब गोरेपान, भरदार. आणि गंमत म्हणजे कवळी! दातांच्या डॉक्टरांचे गुरू आणि स्वतःच्या तोंडात एक दात नाही. मांडा खाताना टक टक वाजत होतं. मी मुद्दाम रस जास्त वाढला.

माणूस गोड. म्हणाले, आजीबाई, डबे तुम्ही कसे वाटले ते जरा सांगा. आता एवढ्या मोठ्या माणसानं विचारल्यावर कमी कसं बोलणार? पहिल्यापासून सांगितलं. पांढऱ्या डब्यावरून कुंदाबाई कशी उठली. मी परात कशी काढली. झाकणांना कुंकू कसं लावलं. चांगल्या दातांच्या बाया लालमध्ये कशा घातल्या. कुंदाबाई वाढायला होतीच, ती पण म्हणे, हो ना साहेब, अक्का नसती तर त्या दिवशी डोकी फुटली असती!

साहेबांची कवळी वाजायची थांबली. लीलाधरचा हात रसाच्या वाटीत तसाच. हे सुद्धा वर्तमानपत्र खाली ठेवून बघायला लागले. एवढ्या शिकलेल्या माणसांना मी गप्प केलं, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि मी आणखी एक मांडा वाढला.

मग सुपारी द्यायला ओसरीवर निघाले तर दाराआडून ऐकू आलं. साहेब सांगत होते, लीलाधर, जाऊ दे. हे कुणी वाचत नाही. धुळ्याच्या माणसाचं मी बघतो. जूनमध्ये ऑर्डर निघते आहे, आणि पेपरावर माझं पण नाव आहे, विसरू नकोस. लीलाधर म्हणाला, साहेब, पेपर खोटा आहे, मागे घ्यावा लागेल. साहेब म्हणाले, खोटं तू थोडंच बोललास, म्हातारी बोलली. त्यावर लीलाधर म्हणाला, तिनं सांगितलं, पण लिहिलं मी. तोंड उघडून बघायचं काम माझं होतं.

खोटा? मी तर घडलं ते सगळं खरं सांगितलं आत्ता.

साहेब शहाणे वाटले मला. मला म्हातारी म्हणाले, पण शहाणे. आमचा पोरगाच हट्टी. कुणावर गेलाय कोण जाणे.

२८ एप्रिल

लीलाधरनं रात्रभर बसून जर्नलला पत्र लिहिलं, सकाळी टपालात टाकलं. माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर मी पण चार शब्द बोलले असते, मोकळं झालं असतं.

नुसतं म्हणाला, मोठी माय, तोंड उघड.

उघडलं. बराच वेळ बघत होता. म्हणे, ही केव्हापासूनची? मी म्हटलं, थंडीपासूनची. तो म्हणे, कुठल्या थंडीपासूनची? मी उत्तर दिलं नाही, तोंडात आरसा होता.

जळगावला नेऊन दाढ काढली. खुर्ची वर घ्यायला सांगायचं राहूनच गेलं.

१५ जून

मुंबईची ऑर्डर दुसऱ्याच कुणाची निघाली. मानकर साहेबांचं एक ओळीचंही पत्र नाही. एवढे मांडे खाऊन गेले.

पेटी खाटेखाली सरकवली. गल्लीत सांगितलं, पावसाळ्यात मुंबई चांगली नसते, दिवाळीनंतर बघू.

२० ऑगस्ट, बुधवार

जर्नल पुन्हा आलं, आणि लीलाधरचं नाव पुन्हा छापलंय! चौकट करून! वर्षाच्या आत दोनदा. आणि या वेळी वर साहेबांचं नाव नाही, एकट्याचं. जर्नल आलं तेव्हा लीलाधर जळगावला होता, टपालवाल्यानं माझ्याच हातात दिलं. मी लगेच पेढे आणवले. कुंदाबाई, मंदाबाई, भिकुबाई, सगळ्यांना बोलावलं. जीवराम मास्तरांना इंग्रजी येतं, त्यांना म्हटलं, मास्तर, मोठ्यानं वाचा, मराठी करून सांगा.

मास्तरांनी आधी मनात वाचलं. मग म्हणाले, अक्का, राहू द्या. मी म्हटलं, वाचा हो. तेव्हा त्यांनी वाचलं. हा पेपर मी मागे घेत आहे. त्यातले आकडे भरवशाचे नाहीत. डबे ठरल्याप्रमाणे वाटले गेले नव्हते आणि सुरुवातीला दात तपासले नव्हते. चूक सर्वस्वी माझी आहे.

मी विचारलं, माझं नाव कुठे आहे? मास्तर म्हणाले, तुमचं नाव कुठेच नाही अक्का. त्यांनी सगळं स्वतःवर घेतलंय.

बाया पेढा हातात धरून बसल्या होत्या. खावा की ठेवावा त्यांना कळेना. शेवटी भिकुबाईनं खाल्ला. म्हणे, लेकराचं नाव तर छापलं ना.

मी नाही खाल्ला. गोड बंद आहे.

११ जानेवारी १९५९, रविवार

इतके महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

लीलाधर पुन्हा सगळं पहिल्यापासून करतोय. यावलमध्येच. मी म्हटलं, दुसरं गाव घे की. तो म्हणे, जिथे चुकलं तिथेच करायचं. आज चावडीवर बाया बोलावल्या. आधी प्रत्येकीचं तोंड त्यानं स्वतः बघितलं. एसटी गेली तरी बघत बसला. चिठ्ठ्याही स्वतः टाकल्या. मला जाजमावर बसवून ठेवलं, हात मांडीवर. कुणी आलं तर उठायचंही नाही म्हणे.

सगळे डबे सारखे. एकच वास, एकच चव, बुडाला नंबर. कुठल्या नंबरात औषध आणि कुठल्यात खडू हे इथे कुणाला माहीत नाही, लीलाधरलाही नाही. ते फक्त धुळ्याच्या त्या डॉक्टरला माहीत. तोच, पोटात दुखणारा. आता दोघांचं बरं जमतं.

झाकणं सगळी पिवळी. हळदीचा रंग. कुंदाबाईनं दोन्ही हात पुढे करून डबा घेतला. तेवढं एक माझं ऐकलं त्यानं.

मलाही डबा मिळाला. बाकीच्या दातांसाठी.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकू झालं. या वर्षी वाण म्हणून सुया दिल्या.

सकाळपासून तो डबा हुंगून झाला. बोटावर घेऊन चाखून झाला. परातीत एवढं कालवलेलं, मला कळायला पाहिजे. काही कळत नाही. या गल्लीत कुणाच्या तोंडात काय आहे ते मला पाठ, आणि माझ्याच डब्यात काय आहे ते मला माहीत नाही.

बाया गेल्या, कुंदाबाई मागे राहिली. पदराखालून आपला पिवळा डबा काढला. हळूच म्हणे, अक्का, कोणाले सांगत नही, पण तुमचा डबा औषधाचाच असीन. तुमचा नातू काय तुमाले खडू देईन? आपण बदलून घेऊ ना.

मी म्हटलं, कुंदा, माझ्या डब्यात काय आहे ते मला खरंच माहीत नाही.

ती एवढी हसली की दातांतलं दार पूर्ण दिसलं. म्हणे, तुमाले माहीत नही? अन् आमी ते खरं मानाव? मी देवाशपथ सांगितलं. ती म्हणे, बरं बरं, नका सांगू, आणि रुसून गेली. थोड्या वेळानं मंदाबाई आली. तिच्याही पदराखाली डबा. मग भिकुबाई. आयुष्यात मी काय काय सांगितलं, सगळ्यांनी मानलं. लीलाधरनं तर लिहून घेतलं. आज एक सांगितलं तर कुणी मानायला तयार नाही.

हे खाटेवरून बघत होते. म्हणे, सांभाळ, रात्री कोणी बदलून नेईन.

म्हणून खाटेखालून मुंबईची पेटी ओढली. हिरवी, गुलाबाची, अजून कोरी. डबा आत ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोवली.

आता रोज सकाळी पेटी उघडायची, चिमूटभर घ्यायचं, घासायचं, पुन्हा कुलूप.